शेवटी लावलेला दोन

सकाळपासून काका फोनपाशी ठाण मांडून बसले होते. लेक परगावी बाळंतपणासाठी इस्पितळात होती आणि जावयाचा फोन कुठल्याही क्षणी येणार होता. फोन वाजताच काकांनी झडप घातली.

"डॉक्टर, दाढ ठणकतेय हो!"

"मी डॉक्टर नाही. छापखान्यात प्रुफं तपासायचो," काका ओशाळून म्हणाले.

त्याच दिवशी गावातले पाच आकडी नंबर सहा आकडी झाले होते. जुन्या नंबरच्या आधी दोन लावायचा, एवढंच. पण नवीन काही जोडायचं म्हटलं की माणूस ते शेवटी जोडतो. दातांच्या डॉक्टरांचा जुना नंबर २४३१५. त्याच्या शेवटी दोन लावला की होतो २४३१५२. आणि काकांच्या जुन्या ४३१५२ च्या आधी दोन लावला, की तोही नेमका तोच!

"राँग नंबर म्हणा आणि ठेवा," काकू म्हणाल्या.

पण कण्हणाऱ्या माणसाला असं तोडून टाकणं काकांच्या जिवावर येई. ते प्रत्येकाला दोन कुठे लावायचा ते समजावत बसत; पण ठणकत्या दाढेपुढे ते कुणाच्या डोक्यात शिरत नसे. एक आजीबाई तर हटूनच बसल्या. "आता लागलाय ना फोन? मग तूच सांग काहीतरी, बाबा." काकांनी भीतभीत कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करायला सांगितलं. आजींना गुण आला. त्यांनी हा नंबर चार शेजारणींना दिला.

"अहो, आपली पोर तिकडे अडलीय आणि तुम्ही गावाचे दात काय सांभाळताय!" काकूंचे डोळे भरून आले.

संध्याकाळी दार वाजलं. दारात साक्षात दातांचे डॉक्टर. काका लगबगीने पुढे झाले.

"मी मुद्दाम नाही हो तुमचे पेशंट..."

"ते राहू द्या. नात झाली तुम्हाला! दोघी सुखरूप आहेत. जावई दुपारपासून प्रयत्न करताहेत, पण तुमचा फोन सारखा एंगेज. शेवटी त्यांनी मला लावला. मागे त्यांची दाढ मीच काढली होती ना!"

"आणि तुम्ही दवाखाना सोडून आलात?"

"दवाखान्यात आज चिटपाखरू नाही. म्हणून तर येता आलं!"

काकूंनी आधी देवाला आणि मग डॉक्टरांना हात जोडले. काकांना मात्र गावातल्या एकूण एक दुखऱ्या दाढेचे उपकार मानावेसे वाटले. तेवढ्यात फोन वाजला.

"डॉक्टर आहेत का?"

"आहेत! पण आधी माझं ऐका," जन्मात कधी आवाज न चढवलेले काका ओरडले, "मी आजोबा झालो!"

पलीकडचा माणूस दाढ विसरून अभिनंदन करत राहिला. मग काकांनी रिसीव्हर डॉक्टरांच्या हातात दिला आणि आपली खुर्ची पुढे सरकवली.

"बसा डॉक्टर. तुमचाच दवाखाना आहे."