सत्तर ग्रॅमची सवलत

यज्ञेश्वर सरांनी फुगा सहा वेळा तोलला आणि सहाही वेळा तो एकशेवीस ग्रॅमच भरला. पतंगाचा कागद, खळ आणि तोंडाशी तारेचं कडं, उंची माणसाएवढी. आतली हवा तापली की तो एकशेनव्वद ग्रॅम उचलणार होता. म्हणजे हाताशी उरत होते सत्तर ग्रॅम, आणि त्या सत्तर ग्रॅमवर सरांची उरलीसुरली अब्रू टांगलेली होती.

बोरी अरबच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवून सर निवृत्त झाले, पण वर्गात त्यांचा एकही प्रयोग धड झाला नव्हता. विजेची घंटा वाजायची नाही, चुंबक चिकटायचं नाही, एकदा तर लिटमसनंही रंग बदलायला नकार दिला. अख्ख्या गावाला हे ठाऊक होतं, कारण अख्खं गाव त्यांच्याच हाताखालून गेलं होतं. आता शाळेनं प्रदर्शनासाठी त्यांना मानानं बोलावलं होतं. विषय, माणूस उडायला कसा शिकला. एका टेबलावर थर्माकोलचं ग्लायडर, दुसऱ्यावर रबरबँडवर पंखा फिरणारं विमान, आणि मैदानात सगळ्यांच्या आधी गरम हवेचा फुगा. तपासणीचे साहेब अकराला येणार होते.

"मरायच्या आधी एक तरी प्रयोग या गावासमोर झाला पाहिजे," सर सकाळीच बायकोला म्हणाले होते.

सुहासिनीबाईंनी ते मनावर घेतलं. मैदानात पोचताच त्यांनी फुग्यावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं.

"अगं, कागद आहे तो."

"शुभ कामाला एवढं तरी हवंच. कुंकवाचं असं किती वजन असतं?"

सरांनी मनातल्या मनात दोन ग्रॅम वजा केले. राहिले अडुसष्ट. इथवर ठीक होतं. मग लीलाबाई आल्या. शाळेची खिचडी त्या शिजवतात आणि हवा तापवायला शेगडी त्यांचीच होती, त्यामुळे त्यांना बोलायचा हक्कही होता. त्यांनी पदराआडून लिंबू-मिरची काढली आणि फुग्याच्या कड्याला बांधायला घेतली.

"लीलाबाई, हे कशाला?"

"एवढं गाव पाहून राह्यलं, सर. नजर लागते ना बाप्पा."

"पस्तीस ग्रॅमचं लिंबू आहे हे."

"मंग? चांगलं रसाचं आहे."

उरले तेहेतीस. सर शेगडी पेटवायला सांगणार तेवढ्यात शाळा समितीचे अध्यक्ष पुंडलिकराव झेंडूचा जाडजूड हार, नारळ आणि उदबत्त्या घेऊन आले. मागच्या बाकावर बसून सरांच्या प्रयोगांना सगळ्यात मोठ्यानं हसणारा विद्यार्थी तो हाच. आता पन्नाशीचा होता, कपाशीचा मोठा शेतकरी होता, आणि त्याला थांबवणारं गावात कोणी नव्हतं.

"सर, नवी चीज आहे. पूजा केल्याबिगर कशी उडवता?"

"पुंडलिकराव, हा फुगा आहे. ट्रॅक्टर नाही."

"ट्रॅक्टर तं जमिनीवर चालते. हे वर जानार. याले त जास्तच लागते."

सरांनी इतिहासाचा आधार घेतला. "अडीचशे वर्षं होत आली, फ्रान्समध्ये दोघा भावांनी असाच फुगा उडवला. खाली पिंजऱ्यात मेंढी, बदक आणि कोंबडा. समोर राजा बसलेला. पूजा नाही, हार नाही. तरी उडाला ना?"

"मेंढी वापस आली?"

"सुखरूप."

"बदक?"

"तेही."

"अन् कोंबडा?"

सरांना खोटं बोलता येत नसे. "त्याचा पंख जरा दुखावला म्हणतात."

"पाहा," पुंडलिकराव जमलेल्या मंडळींकडे वळले. "पूजा नाई केली."

नारळ फुटला, हार चढला, आणि सरांनी वजाबाकी सोडून दिली. अकरा वाजून गेले तरी साहेबांचा पत्ता नव्हता, म्हणून शेगडी पेटली. फुगा टम्म फुगला, उभा राहिला, डोलला, आणि तिथंच डोलत राहिला.

"थांबा जरा, होईल," सर म्हणाले. हे वाक्य गावाला पाठ होतं. मागे कोणीतरी फिसकन हसलं, आणि सरांचं डोकं फिरलं.

"हार काढा तो. लिंबूही काढा."

कोणी हललं नाही. "वाहिलेलं असं मधातच नाई काढत, सर," लीलाबाई म्हणाल्या. "पाप कोन घेईल?" सरांनी आशेनं बायकोकडे पाहिलं. "मी नाही हं हात लावणार," त्या म्हणाल्या.

"फुग्यापासून विमानापर्यंत यायला माणसाला एकशेवीस वर्षं लागली," सर दात ओठ खात म्हणाले. "का लागली ते आज कळलं." आणि मग ते एकदम थांबले. गणपतीचा हार आपण काढतोच की. "उत्तरपूजा केली तर काढता येईल ना?"

मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. "मंग चालते," पुंडलिकराव म्हणाले.

घरात कधी घंटीला हात न लावलेल्या सरांनी फुग्यावर अक्षता टाकल्या, "पुनरागमनाय च" म्हटलं, आणि रीतसर त्याला जरासं हलवलं. सगळ्यांनी हात जोडले. हार उतरला, लिंबू सुटलं, आणि फुगा वर गेला. शाळेच्या टिनांवरून, कडुलिंबावरून, पलीकडच्या तुरीवर. पोरं त्याच्यामागे धावली. सरांना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

साहेब सव्वाबाराला आले. "फुगा उडवणार होतात ना? दाखवा."

"आत्ता दाखवतो," सर म्हणाले. एवढ्या आत्मविश्वासानं ते आयुष्यात बोलले नव्हते. "आणा रे तो फुगा."

पोरं जमिनीकडे पाहू लागली. पुंडलिकराव पुढे झाले. "सर, त्याचं विसर्जन केलं."

"काय केलं?"

"उत्तरपूजा झाली होती ना, तुमीच केली. मंग ठेवता येते का? पोरं वापस घेऊन येत होते, मीच म्हनलं, माह्या विहिरीत सोडा. आरती करूनच सोडला."

सर खुर्चीत बसले. साहेबांनी पेन काढलं. "कोणाजवळ व्हिडिओ?"

"कसा असनार, साहेब?" लीलाबाई म्हणाल्या. "हात जोडले होते सगळ्याइनं."

"मग प्रयोग झाला नाही, असं लिहू?"

"कायले?" पुंडलिकरावांचा आवाज चढला. "एकतीस वर्षं याइनं शिकवलं, साहेब. याइचा एकबी प्रयोग कधी झाला नाई. मी सोता त्याचा साक्षीदार आहो. पन हा झाला. लिवा."

मागून सगळं गाव म्हणालं, "लिवा."

साहेबांनी तपासणीच्या अहवालात लिहिलं, 'प्रयोग यशस्वी.' सरांनी चष्मा पुसून ते दोन शब्द दोनदा वाचले. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "याची एक झेरॉक्स मिळेल का?"