सबनिसांची अळी

सबनीस पाण्याचा पेला उजेडाकडे धरून मिनिटभर निरखायचे, आणि आत काहीच नाही असं दिसलं की हिरमुसून पिऊन टाकायचे.

मुलांनो, चिंचवडच्या ज्या कारखान्यात मी टायपिस्ट होते, तिथे हे यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग काढणारे ड्राफ्ट्समन. माझ्या समोरच्याच टेबलावर. एकटे राहायचे. खिशात भिंग, पिशवीत चहाची गाळणी. काही विचारलं की एकच उत्तर, "अजून माप पक्कं नाही." लग्न का केलं नाही, असं विचारलं तरी तेच.

मला प्रत्येक माणूस नीट कळलेला लागतो. हा कळेना, म्हणून मी लक्ष ठेवायला लागले. जेवणाच्या सुट्टीत सगळे कँटीनला गेले की हे ट्रेसिंग पेपरवर काहीतरी काढत बसायचे. माझी चप्पल वाजली की वर टॉवेल. सुटताना ते भेंडोळं छत्रीत जायचं, तेही भर उन्हाळ्यात!

आमचा वॉचमन सखाराम रावेतचा. त्याने भर घातली. "बाई, ह्यो मानूस दर रविवारी आमच्या नदीत गुडघाभर पान्यात हुबा असतो. गाळनीनं पानी गाळतो अन् बाटलीत भरतो. कुनाची तरी वाट बघत आसनार, दुसरं काय!"

माझी खात्री पटली. कंपनीची ड्रॉइंग बाहेर जात होती. मी सरळ साहेबांना जाऊन सांगितलं.

त्या संध्याकाळी गेटवर छत्री उघडली गेली. मलाही बोलावून घेऊन साहेबांनी टेबलावर ट्रेसिंग पसरलं. एकच वस्तू समोरून, बाजूने, वरून, मधून कापून. प्रत्येक माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत.

"हा पार्ट आपला नाही," साहेब घाम पुसत म्हणाले. "म्हणजे दुसऱ्या कंपनीचाही चोरता? खरं बोला, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"अळी आहे, साहेब."

"काय?"

"पाण्यावर गरगर फिरणारा काळा किडा असतो ना, त्याची. मोठा झाल्यावर सगळे बघतात. लहानपणी कसा असतो ते कुणी विचारत नाही."

साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला. "बाई, तुमचं इंग्रजी चांगलं. वाचा."

मी वाचलं. पोटाचे दहा भाग. पहिल्या आठांना कल्ल्यांची एकेक जोडी, नवव्याला दोन, दहाव्याला चार आकडे. एकूण लांबी चार मिलिमीटर.

"टॉलरन्स? मापात किती फरक चालेल?" साहेबांनी सवयीने विचारलं.

"प्रत्येक अळी वेगळी, साहेब. चाळीस मोजल्या."

साहेब इतके हसले की चष्मा काढावा लागला. नोकरी वाचली. कंपनीचा ट्रेसिंग पेपर मात्र बंद.

जिन्यात मी सबनिसांना गाठलं. "साहेबांना मीच सांगितलं होतं."

"माहीत आहे. महिनाभर बघत होता तुम्ही माझ्याकडे. इतकं कुणी बघत नाही."

त्यांनी भेंडोळं कठड्यावर उलगडलं. उजव्या कोपऱ्यात, कंपनीच्या प्रत्येक ड्रॉइंगवर असते तशी चौकट होती. 'काढणारा' पुढे त्यांची सही. 'तपासणारा' पुढे कोरं.

"बावीस कागद झाले," ते म्हणाले. "सगळ्यांवर ही जागा कोरी आहे. तुम्हाला वेळ असेल तर…"

मी त्यांच्याकडून भिंग मागून घेतलं आणि पायरीवर बसून पहिल्या कल्ल्यापासून मोजायला लागले.