चेरमनबाईंची आठ मिनिटं

तालुक्याहून आलेले साहेब विहाराच्या ओट्यावर खुर्ची टाकून बोलत होते. समोर महिला दूध संस्थेच्या सतरा बायका डोक्यावरचा पदर सावरत बसल्या होत्या. विषय गंभीर होता. दुष्काळानं गावातल्या निम्म्या म्हशी चारा छावणीत गेल्या होत्या. संस्थेचं दूध दोन कॅनवरून एकावर आलं होतं आणि तो एकही गळ्यापर्यंत भरत नव्हता. अशी संस्था चालू ठेवण्यात अर्थ नाही, असं साहेबांचं मत होतं. "आता नियमानुसार बघितलं तर..." एवढं ते म्हणाले आणि अध्यक्षस्थानी बसलेल्या गयाबाई उठून उभ्या राहिल्या.

"साहेब, जरा थांबा. दिस बुडायलाय."

त्या ओट्यावरून उतरल्या, चपला पायात सरकवल्या आणि कोपऱ्यात इतिवृत्त लिहीत बसलेल्या माझ्याकडे वळल्या. "गुरुजी, घड्याळ हाय न्हवं हाताला? चला."

मी वही मिटून निघालो. मागे साहेब विचारत होते, "बाईंचा काही उपवास वगैरे आहे का?"

"न्हाई साहेब," एक बाई म्हणाली, "त्या अन् गुरुजी ढग बघायला जात्यात."

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं असेल, या विचारानं मी आजही कधीकधी अस्वस्थ होतो.

मी बीड शहरातला. शिरूर कासारच्या पुढे, डांबर संपल्यावर लागणाऱ्या या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर माझी बदली झाली आणि गयाबाईंच्या घराची पुढची खोली मला भाड्यानं मिळाली. गाव त्यांना चेरमनबाई म्हणे. पन्नाशी ओलांडलेली, काटक, चौथी शिकलेली बाई. कपाळावर कायम एक आठी. ती आठी झोपेतही जात नसावी.

त्यांच्या तोंडात सदा एक शब्द असे, 'कावून'. कावून म्हणजे का. आमच्याकडे सगळेच तो वापरतात, पण लोक तो एकदा विचारून थांबतात. गयाबाई थांबत नसत. एकदा जनावरांचे डॉक्टर त्यांची म्हैस बघायला आले होते.

"ताप आहे तिला," डॉक्टर म्हणाले.

"कावून?"

"पोटात बिघाड झालाय."

"त्यो कावून?"

"पाणी खराब असेल, बाई."

"ते कावून?"

"टँकरचं पाणी. टाकी धुतली नसेल."

"कावून धुतली न्हाई?"

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, बॅग उचलली आणि म्हणाले, "येतो, मला शिरूरला पोचायचंय." गयाबाई लगेच म्हणाल्या, "कावून?" डॉक्टर फाटकापर्यंत जवळजवळ पळत गेले.

मी शिक्षक असल्यामुळे मला ही जिज्ञासा वाटली. आमच्या चौथीच्या वर्गात असं एक पोर असतं तर माझं भलं झालं असतं, असंही वाटलं. जिज्ञासा नव्हती ती. ती नुसती धास्ती होती. एखाद्या गोष्टीचं कारण कळलं की तिचा निम्मा धोका कमी होतो, अशी त्यांची समजूत होती. त्यामुळे त्या दिवसभर जगाचे धोके कमी करत फिरत. टँकर तिसऱ्या दिवशी न येता चौथ्या दिवशी आला, की त्यांना जेवण जात नसे.

त्यांचा मुलगा मिलिंद आणि सून सुजाता दसऱ्यानंतर टोळीबरोबर कोल्हापूरकडं ऊसतोडीला गेले होते. दुष्काळात गावात बसून करणार काय? निम्मं गाव गेलं होतं. जाताना सुजाताला चौथा महिना होता, हे मला शेजारच्या घरातून कळलं. गयाबाई सुनेचा विषय काढत नसत. मिलिंदचा फोन आठवड्यातून एकदा येई. तेवढ्यात त्या म्हशीला किती चारा लागतो ते सांगत आणि ठेवून देत.

ढगांचं प्रकरण पौषात सुरू झालं. एका संध्याकाळी मी अंगणात वह्या तपासत होतो. आकाशात दोन थरांचे ढग होते. खाली कापसाच्या पेळूसारखे चार-सहा आणि फार वर पिसासारखे पातळ. पावसाचे नव्हेत, असेच हिंडायला आलेले. सूर्य डोंगराआड जाऊन थोडा वेळ झाला होता.

"गुरुजी, ह्ये खालचे ढग काळे पडले. वरचे अजून लाल हायेत. कावून?"

"सूर्य मावळला ना, म्हणून."

"सुर्व्या तर समद्यांसाठीच मावळला. मंग वरच्यांनाच उजेड कावून? आन उजेड त्यांच्या पोटाला कावून लागलाय? पाठीला पायजे. सुर्व्या काय जमिनीतून वर बघायलाय का?"

मी पेन खाली ठेवलं. पंधरा वर्षं मी पृथ्वी गोल आहे असं शिकवत होतो, पण ढगाच्या पोटाला उजेड का लागतो हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "पृथ्वी गोल आहे, त्यामुळं."

"कावून म्हन्ता तसं?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तकात हाय," त्या हळूच म्हणाल्या आणि गोठ्याकडे गेल्या. इतकी वाईट शेरेबाजी माझ्यावर तपासणीच्या वेळीसुद्धा कुणी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लावून घेतलं. चुलीपुढं एक घमेलं पालथं घातलेलं होतं. त्याच्या पाठीवर कणकेनं एक वाटाणा चिकटवला होता, आणि शेजारी काडी रोवून तिच्या टोकाला कापूस लावला होता. गयाबाईंनी बॅटरी पेटवली आणि घमेल्याच्या कडेनं हळूहळू खाली नेली.

"बघा. वाटाना गेला अंधारात. कापूस अजून बॅटरीला बघायलाय. आन उजेड कुठून लागलाय? खालून. पोटाला."

खरंच तसं होतं. मी वाकून बघत राहिलो. जमिनीच्या फुगवट्याआड सूर्य गेला तरी जो उंच आहे त्याला तो दिसत राहतो. जो जेवढा उंच, तेवढा जास्त वेळ. मला आनंदानं काही सुचेना.

"थांबा," त्या म्हणाल्या. "मला खात्री न्हाई अजून." मग त्यांनी पोळपाट पुढं ओढला. "धरती अशी सपाट आसली, आन सुर्व्या कडंच्या खाली गेला, तर पोळपाटावरच्या समद्यांना एकाच टायमाला अंधार. घमेल्यावर तसं न्हाई. घमेल्यावर हितं आधी, तिकडं मागून. मंग सुजाताला इचारावं लागंल, तिकडं कवा बुडतो ते."

गावात फोनला धड रेंज फक्त मागच्या माळावर मिळे. त्याच संध्याकाळी आम्ही माळावर गेलो. सूर्याचा शेवटचा तुकडा गेला तसं मी घड्याळ बघितलं आणि गयाबाईंनी सुनेला फोन लावला.

"दिस हाय का बुडाला?"

 पलीकडून बारीक आवाज आला, "हाय की, आत्या. अजून हाय."

"बुडाला की सांग. ठिवू नको फोन."

आम्ही उभे राहिलो. फोनमधून उसाच्या पाचटावर चालण्याचा आवाज येत होता, कुणाचं तरी खोकणं, लांबून ट्रॅक्टरचं गाणं. आठ मिनिटांनी सुजाता म्हणाली, "गेला, आत्या."

"बरं. ठिव."

आठ मिनिटं! मी हरखून गेलो. परत येताना वाटेवर मी त्यांना रेखावृत्तं समजावून सांगितली, ते ठिकाण पश्चिमेला आणि दक्षिणेलाही कसं आहे ते सांगितलं, तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात हा प्रयोग मांडायचं ठरवून टाकलं.  घराजवळ आल्यावर गयाबाई म्हणाल्या, "एका दिसाचं काय खरं? उद्या परत बघू."

त्यानंतर रोजच. ढग असोत-नसोत. गावानं आधी मला हसून घेतलं, मग घाबरून घेतलं. मास्तर आणि चेरमनबाई रोज माळावर जाऊन आभाळात बघतात, म्हणजे ह्यांना पावसाचं काहीतरी कळलंय. एका म्हाताऱ्यानं मला गाठून विचारलं, "काय बे मास्तर, यंदा तरी हाय का न्हाई?" मी म्हणालो, पृथ्वी गोल आहे एवढंच नक्की सांगता येईल. त्यानं टोपी नीट केली आणि निघून गेला.

फोनवरचं बोलणं रोज तेच. दिस हाय का? हाय, आत्या. मग आठ मिनिटं कुणीच बोलायचं नाही. गेला, आत्या. बरं, ठिव. मी एकदा म्हणालोही, "मावशी, आता सिद्ध झालं. रोज कशाला?" त्या पुढं चालू लागल्या.

साहेबांची सभा अर्ध्यावर सोडून आम्ही माळावर गेलो त्या दिवशी सुजाताचा फोन लागला नाही.

"बॅटरी संपली असेल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशीही लागला नाही. त्या जोडप्याकडे तो एकच फोन. टोळीच्या मुकादमाला लावला तर तो कारखान्यावर होता. "समदं बरं आसंल की, उसाचा फड बदललाय त्यांचा," एवढं बोलून त्यानं ठेवला. गयाबाईंनी त्याचं 'आसंल' धरून ठेवलं. रात्रभर पलीकडच्या खोलीत भांडी घासल्याचा आवाज येत होता. घासलेलीच भांडी.

तिसऱ्या संध्याकाळी सूर्य बुडाला. फोन बंद. मावळतीला पिसासारखे ढग आले होते, आणि त्यांची पोटं तांबूस होत चालली होती. मलाही आता धास्ती वाटू लागली होती. म्हणून मी जे येतं ते बोलू लागलो. ते ढग पाच-सहा मैल उंच असतील, एवढ्या उंचीवरून शेकडो मैल दिसतं, त्यांना अजून सूर्य दिसतोय वगैरे.

"त्या ढगाला तिकडचं दिसत आसंल?"

"दिसायला हवं."

गयाबाई खाली बसल्या. वाळलेल्या गवताची काडी उपटून तिचे तुकडे करत म्हणाल्या, "गुरुजी, ती जायला तयार नव्हती. नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात, एकट्याला मुकादम नेत न्हाई. ती म्हन्ली, आत्या, भ्या वाटतं. मी काय म्हन्ले म्हाईत हाय? म्हन्ले, आमी काय पोटुशी आसताना ऊस तोडला न्हाई का? काय झालं आमाला? जा."

मी त्यांच्याजवळ गवतावर बसलो.

"खोटं बोलले मी. माझं पयलं फडातच गेलं. सातव्यात. मिलिंद त्याच्या मागचा." त्यांनी काडीचे तुकडे झटकले. "तिला आता सातवा सरायला आलाय. कशी हायस, एवढं इचारायला तोंड न्हाई मला. मंग दिसाचं इचारत व्हते. आठ मिन्टं तिचा श्वास ऐकू येतो फोनात. तेवढ्यावर माझी भाकर गोड व्हती."

माझ्या विज्ञान प्रदर्शनाची मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांना मोटारसायकलवर शिरूरला सोडलं. तिथून बीड आणि बीडहून पुढची एसटी. पिशवीत भाकरी, मेथीचे लाडू आणि एक जुनं लुगडं. गाडी हलली तेव्हा त्या खिडकीतून म्हणाल्या, "म्हशीला पानी दोनदा दावा." सुनेबद्दल एक अक्षर नाही.

त्याच आठवड्यात साहेब पुन्हा आले. अध्यक्ष कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं. "ऊस तोडायला गेल्यात," बायकांनी सांगितलं. मला हे नवीन होतं. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं आणि म्हणाले की पावसाळ्यापर्यंत आपण थांबू. संस्था वाचली. कॅन मात्र अर्धाच राहिला.

गयाबाई गेल्याच्या चौथ्या-पाचव्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत माळावर गेलो असताना मला अनोळखी नंबरावरून फोन आला. सुजाता होती. टोळीतल्या कुणाचा तरी फोन घेऊन बोलत होती.

"गुरुजी, आमचा फोन पान्याच्या बॅरलात पडला. म्हनून लागला न्हाई. मी बरी हाय."

मी विचारलं, "मावशी?"

"आल्या त्या दिवशी खोपीत पिशवी ठिवली, माझ्या हातातला कोयता घेतला आन फडात गेल्या. मुकादम म्हन्ला, म्हातारी, तुला झेपंल का? तर त्याला म्हन्ल्या, मोळ्या मोज, वय मोजू नको. आता सीझन संपस्तोवर त्या आन ह्ये, दोघांचा कोयता. मला उठू देत न्हाईत. तालुक्याच्या दवाखान्यात बी नेऊन आणलं. डॉक्टर म्हन्ले, बाळ चांगलं हाय."

"मग आता बोलता की नाही दोघी?"

"न्हाई. बोलत न्हाईत माझ्याशी. लाडू बी पुढं सरकवत्यात, खा म्हनत न्हाईत."  तिच्या मागे मोळ्या टाकल्याचा धप्प धप्प आवाज येत होता. "पन गुरुजी, दुपारी भाकर खाऊन घडीभर आडवं व्हतो ना, तवा त्या हळूच माझ्या पोटावर हात ठिवत्यात. त्यांना वाटतं मला झोप लागलीय. म्हनून मी डोळे उघडतच न्हाई."