महाराजांचा विडा आणि दूरगडचा दरवाजा

श्रीवाग्देवतेचे चरणीं मस्तक ठेवून आणि ऐकणारांचें क्षेम चिंतून लिहिण्यास आरंभ केला. शके सोळाशें एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सरे, माघमास. खरें बोलावें हें तों शास्त्रच आहे. परंतु खऱ्याचा आरंभ कोठून करावा, हाही धर्माचाच विचार. अन्न उत्तम असोन उशिरा वाढिलें, तर दोष अन्नास नाहीं, वाढणारास आहे. याचा प्रत्यय एके राज्यीं आला. राज्याचें नांव लिहीत नाहीं. तेथील वंशज अद्याप सुखरूप आहेत आणि पत्रें लांबच लिहितात.

त्या राज्यीं वडिलोपार्जित चाल ऐसी कीं, भोजनोत्तर महाराज विडा मुखीं घालीत आणि पत्र ऐकत. विडा पिकदाणींत टाकिला कीं वाचन बंद, आणि ऐकिलें तितक्यावरच हुकूम. चिटणीस नारो आपदेव वृद्ध, व्युत्पन्न आणि नेमाचे कडक. कोणतीही गोष्ट मुळापासोन सांगावी. मूळ सांगितल्यावांचून फळ सांगणें म्हणजे त्यांस सोंवळें मोडल्यासारखें वाटे. त्यांची एकुलती कन्या चिमाबाई दूरगडीं दिली होती. जांवई तेथील किल्लेदार.

मग गनिमानें दूरगडास वेढा घातला, आणि तोफेचा गोळा लागोन महादरवाजा निखळला, आणि किल्लेदारांनीं जासूद पाठविला कीं कुमक त्वरित यावी. नारोपंतांनीं डोळे पुसले आणि बोरू उचलिला. परंतु नेम सुटला नाहीं. "दूरगड पर्वत हें आदौ ऋषींचें तपस्थान" येथोन आरंभ केला, आणि पाया कोणीं घातला, वास्तुशांतीस कोण जेवले, इतकें वाचीत आले तों विडा संपला. महाराज सद्गदित होवोन म्हणाले, "चिटणीस, काय हें पुण्यस्थळ! ऋषींच्या नांवें अभिषेक करवा." मग ब्राह्मण रवाना जाहले, आणि वेढ्यामुळें वर जातां न आल्यानें पायथ्याशींच अभिषेक करून परतले.

दुसरे दिवशीं कारकून मोरो हरि म्हणाले, "पंत, आपला क्रम म्हणजे बैलगाडी. मी पूर्वेपासोन प्रदक्षिणेनें लिहितों, गड महाराजांचे डोळ्यांसमोर उभा राहील." आणि राहिलाही, परंतु दरवाजा उत्तरेस, आणि विडा पश्चिमेच्या आंबराईंतच संपला. हुकूम जाहला, "मोहोराची राखण करावी." तिसरे दिवशीं शामजी गोविंद, तुलनेंत निपुण, त्यांनीं आमचा गड आणि गनिमाचा गड समोरासमोर मांडिले, आणि आमचा उंच ठरला, आणि महाराजांनीं संतोषें हत्तीवरोन साखर वांटविली. नारोपंतांचे हातींही चिमूटभर आली. ती त्यांस गिळवेना. जासूद म्हणाला, "पंत, आतां साखरेनंच दरवाजा चिकटवूं म्हणतां?"

चौथे दिवशीं वेढ्यांतोन चिमाबाईचें पत्र आलें. "तीर्थरूप आबांस शिरसाष्टांग नमस्कार. आपण शिकविल्या क्रमानेंच लिहितें. आदौ मी लग्न होऊन गडावर आलें, तेव्हां पालखीचा दांडा मोडला होता..." नारोपंत वाचूं लागले; मग मापाचें लवंडणें आलें, आणि मग पहिलें हळदीकुंकू, आणि सासूबाईंची नथ. तेव्हां वृद्ध गृहस्थ कागदावरच ओरडले, "अगे, जिवंत आहेस कीं नाहीं तें सांग!" आणि पत्र उलटून शेवटली ओळ पाहिली: "असो. आम्ही जिवंत आहों. दाराशीं धान्याचीं पोतीं रचिलीं आहेत, परवांपावेतों टिकतील."

मोरो हरि हंसोन म्हणाले, "पंत, क्रम मोडला कीं!"

"मोरोबा," नारोपंत हळू म्हणाले, "ऐकणारा बाप असला कीं क्रम वेगळा. आणि महाराज त्या गडाचे बापच."

मग ते तैसेच उठले, आणि महाराजांनीं विडा मुखीं घालितांच म्हणाले, "दूरगडचा दरवाजा पडला. कुमक आजच निघाली तर गड आपला. उद्यां निघाली तर गनिमाचा."

महाराज चावावयाचे थांबले. "चिटणीस! हें तीन दिवस कोणीं सांगितलें कां नाहीं?"

"सांगतच होतों, महाराज. तेथवर पोहोंचलों नाहीं."

तत्क्षणीं फौजेस हुकूम जाहला, आणि विडा अद्याप मुखींच होता, म्हणोन महाराज म्हणाले, "पुढें बोला." मग शामजींनीं गनिमाचें बळ आणि आमचें बळ तोलून सांगितलें, आणि मोरो हरींनीं प्रदक्षिणा घालून आंबराईंतली चोरवाट दाखविली, आणि त्याच वाटेनें कुमक चढली, आणि गड राहिला.

चिमाबाई माहेरीं आली, त्या दिवशीं भोजनोत्तर महाराजांनीं पुसिलें, "चिटणीस, त्या ऋषींचें पुढें काय जाहलें?" नारोपंतांनीं मुळापासोन आरंभ केला. विडा संपला; पंतही चालीप्रमाणें थांबले. तेव्हां महाराजांनीं तबकांतोन दुसरा विडा उचलिला.

तात्पर्य, क्रम सारे थोर. ज्याचा जीव टांगला आहे त्यास आधीं उत्तर द्यावें, मग ऋषीही गोड लागतात. सांगणारांस आरंभ सांपडो, ऐकणारांचा विडा पुरो, आणि दूरगडचें दार लेकीबाळींस सदा उघडें राहो.