दारापर्यंत किती?

शुक्रवार, १२ जानेवारी २००१, शारजा. हजर: दाऊदभाई, आमचे हे, मुलगी (हेडफोन लावून) आणि मी. दाऊदभाईंचा खोलीसोबती इक्बाल बॅग घेऊन दाराशीच उभा, त्याचं संध्याकाळी मुंबईचं विमान. काम एकच: पनवेलच्या फ्लॅटच्या कागदांवर दाऊदभाईंची सही घेऊन ते इक्बालच्या हाती देणे.

दाऊदभाई मूळचे रत्नागिरीचे, इथे औद्योगिक क्षेत्रात एका गॅरेजचे स्टोअरकीपर. कशाचीही किंमत ऐकली की विचारतात, "ते झालं. दारापर्यंत किती?" चार दिरहॅमचं कलिंगड टॅक्सी धरून नऊला पडतं. "म्हणजे एकशे चौदा रुपये, वहिनी. कलिंगडाला." एकदा लग्नाच्या पत्रिकेवर त्यांनी आहेर, इस्त्री आणि गाडीभाड्याची बेरीज मांडली. ती पत्रिका आहेराच्या पाकिटातून थेट नवरदेवाकडे पोचली.

साठीला इथला व्हिसा संपणार. तोवर फ्लॅट विकत घेऊन भाड्याने द्यायचा, मग बायकोला, झुबेदाभाभींना, घेऊन तिथेच राहायचं, हा त्यांचा बेत. भाभी आजवर दिरांच्या घरात. किमतीला दाऊदभाई कधी घाबरले नाहीत. अडायचे वरच्या खर्चाला: स्टॅम्प ड्यूटी, नोंदणी, दलाली, सोसायटीची फी, मीटरचं डिपॉझिट, रंग, दोन भाडेकरूंमधला रिकामा महिना. यादी लांबेपर्यंत फ्लॅट दुसऱ्याचा व्हायचा. असे चार गेले. हा खर्च भाड्यातून निघायला सात वर्षं लागतात, हे त्यांचंच गणित, आणि साठीला राहिली होती बरोबर सात.

याद्या मीही करते, पण त्या संपवायला. सही झाल्याशिवाय बिर्याणीचं झाकण उघडायचं नाही, हे मी सकाळीच ठरवलं होतं.

"द्या ती यादी इकडे," मी म्हटलं. बत्तीस कलमं. लाल पेन घेतलं. "गिझर? भाडेकरू बसवेल. खलास. खोल्या दोन, पंखे सहा कशाला?"

"पाहुणे आले तर?"

"भाडेकरूचे पाहुणे, दाऊदभाई. खलास."

"अंकल, जस्ट साइन," मुलगी मान वर न करता म्हणाली.

"यल्ला चाचा, चला," इक्बाल म्हणाला, "टॅक्सीवाला खाली थांबलाय."

"थांबायचे किती घेतो?"

कलम एकतीस: खिळे, तीन डझन. मी पेन टेकवलं.

"ते नको कापू," दाऊदभाई म्हणाले. एरवी ते मला अहोजाहो करतात. "आमच्या खोलीत सात माणसं. माणशी एक खिळा, मालक दुसरा ठोकू देत नाही. एकोणीस वर्षं शर्ट, टॉवेल, टोपी, सगळं एकावर. माझ्या घरात भाडेकरूने खिळ्यासाठी कुणाला विचारायचं नाही."

मी कलमापुढे बरोबरची खूण केली. त्यांनी सही केली. इक्बाल कागद घेऊन पळाला आणि मी बिर्याणी उघडली.

जेवताना बत्तिसावं कलम दिसलं: खिळ्यांची उंची. पुढे आकडा नाही.

"पुढे झुबेदाच राहणार ना," ते म्हणाले. "तिचा हात पोचला पाहिजे. पुन्हा भिंत दुरुस्तीचा खर्च नको."

"मग किती उंच?"

ते उठले. आमच्या भिंतीवर त्यांनी हात खांद्याशी धरला, जरा खाली आणला, परत वर नेला. "दोन वर्षांनी दोन महिने घरी जातो मी, वहिनी. नक्की सांगता येत नाही. तुम्ही विचाराल तिला फोनवर?"

"नाही. तुम्ही विचारायचं."

"काय सांगून विचारू? हसेल ती."

"हसू दे."

मी माझ्या वहीत लिहिलं: उंची विचारणे, दाऊदभाई. नंतर पनवेलहून पोच आली, नोंदणी झाली, खिळेसुद्धा आले. तिन्हींवर खुणा झाल्या. दाऊदभाई दर शुक्रवारी येतात, "इन्शाल्ला, या आठवड्यात" म्हणतात आणि जाताना भिंतीवरच्या त्या जागेकडे एकदा बघतात. ती ओळ अजून तशीच आहे.