रत्नप्रभाबाईंचे तेवीस ड्राफ्ट

मुलुंड पूर्वेच्या एका वाचनालयाचा ब्लॉग सुरू झाला तो अध्यक्ष नंदकिशोर सबनीस यांच्या हट्टामुळे. ठाण्याच्या एका वाचनालयाचा आहे, मग आपला का नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. काम अर्थातच ग्रंथपाल रत्नप्रभा तावडे यांच्या गळ्यात पडलं. त्यांनी घाटकोपरला दोन दिवसांची कार्यशाळा केली आणि चारशे बारा सदस्यांचे ईमेल पत्ते ब्लॉगला जोडले. नवीन लेख आला की प्रत्येकाला आपोआप मेल जाणार होता.

कार्यशाळेत त्यांना सगळ्यात आवडला तो ड्राफ्ट. लिहायचं, जपून ठेवायचं, आणि कोणालाही दिसत नाही. सव्वीस वर्षं काउंटरमागे बसून जे बोलता आलं नव्हतं, ते त्या रोज जेवणाच्या सुट्टीत ड्राफ्टमध्ये लिहू लागल्या. दोन महिन्यांत तेवीस ड्राफ्ट साठले. प्रसिद्ध झालेला लेख मात्र एकच होता, ‘पुस्तकांची निगा’. तो सात वेळा वाचला गेला होता. त्यातल्या पाच वेळा त्यांनीच.

एका रविवारी संध्याकाळी सगळ्या ड्राफ्टना ‘खासगी’ असं लेबल लावायला त्या बसल्या. सगळ्यांवर एकदम खूण केली आणि लेबलाच्या शेजारचं बटण दाबलं. तेवीसच्या तेवीस लेख प्रकाशित झाले. त्यांनी पाच मिनिटांत ते काढून टाकले, पण मेल निघून गेले होते.

पहिला फोन आला त्यांच्या सहायक माधुरीचा.

“रत्ना, वाट लागली! काय लिहिलंयस हे? ‘एक बाई मासिकातल्या पाककृती ब्लेडने कापून नेतात. मागच्या पानावर कथेचा शेवट असतो, त्याचं त्यांना काही नाही.’”

“नाव कुठे घेतलंय मी?”

“नाव नाही म्हणूनच तर भीती वाटतेय ना! ‘एक गृहस्थ रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवतात.’ आणि हे काय? ‘निवृत्तीनंतरचे पारिजातक. अकरा प्रती, नऊ वर्षं, वाचक शून्य.’ अगं, सबनीसांचा कवितासंग्रह आहे तो! नाव काय घ्यायचं राहिलंय त्यात?”

सोमवारी वाचनालय बंद असतं. रत्नप्रभाबाईंनी तो दिवस राजीनाम्याचा मजकूर लिहिण्यात घालवला. निवृत्तीला चार वर्षं होती आणि दुसरं कुठलं काम त्यांना येत नव्हतं.

मंगळवारी दार उघडायच्या आधीच बाहेर सात-आठ माणसं उभी होती. सगळ्यात पुढे शेवंती कदम. त्यांनी काउंटरवर एक फुगलेलं पाकीट ठेवलं.

“बाये, चुकलंच माझं. ह्ये घे सगळे कागद. पण चारचौघांत नाव सांगू नको हां!”

रत्नप्रभाबाईंनी ते लिहिलं होतं उत्तरा गुप्त्यांबद्दल. शेवंतीबाईंवर त्यांचा कधी संशयही नव्हता. पाठोपाठ उत्तराबाई आल्या, त्यांच्याकडेही पाकीट होतं. दुपारपर्यंत अशी चार पाकिटं झाली.

धोंडिराम साळगावकर स्वतःचा खोडरबर घेऊन आले आणि रहस्यकथांच्या कपाटापाशी स्टूल ओढून बसले. थोड्या वेळाने लवू परबही खोडरबर घेऊन आले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“म्हणजे तो तू होय रे?” लवू म्हणाले. “मी आपला तुझी चुकीची नावं दुरुस्त करत होतो.”

संध्याकाळपर्यंत मुदत उलटून गेलेली एकोणचाळीस पुस्तकं परत आली. त्यातली दोन कुर्ल्याच्या कुठल्याशा वाचनालयाची होती. माधुरी नोंदी करत होती. मधेच ती थबकली.

“रत्ना, एक गंमत सांगू? पारिजातक संपले.”

“संपले म्हणजे?”

“अकराच्या अकरा प्रती गेल्या. नऊ वर्षं कोणीच नेला नाही म्हणजे आहे तरी काय, हे लोकांना बघायचंय. सात जणांनी नंबर लावलेत.”

तेवढ्यात सबनीस आले. इस्त्रीचा सदरा, हातात मेलची छापील प्रत. रत्नप्रभाबाई उठून उभ्या राहिल्या आणि राजीनाम्याचा कागद त्यांनी पुढे केला. सबनीसांनी तो न वाचता खिशात घातला.

“आज पाच फोन आले मला,” ते म्हणाले. “पाच! एकाने तर पूर्ण कविता म्हणून दाखवली. फार हसत होता, पण पाठ होती हो त्याला.”

“सर, माझी चूक झाली. तो ड्राफ्ट होता.”

“चूक कसली? पुढच्या आठवड्यात अजून एक टाका. वाचक शून्य, एवढ्याने काय होणार? जरा सविस्तर झोडा. पान नंबर देऊन. तुमच्या मते सगळ्यात टाकाऊ कविता कोणती?”

रत्नप्रभाबाईंनी माधुरीकडे पाहिलं. माधुरीने रजिस्टरात डोकं घातलं.

“सर,” त्या हळूच म्हणाल्या, “मी अजून वाचलेला नाही.”

दोन दिवसांत पहिल्यांदाच सबनीसांना खराखुरा राग आला. वाचनालयातली सगळी डोकी वर झाली.

“न वाचताच लिहिलंत?”

त्यांनी माधुरीपुढचं रजिस्टर आणि पेन ओढून घेतलं, नंबर लावलेल्यांच्या यादीत आठव्या ओळीवर ‘रत्नप्रभा तावडे’ असं स्वतःच्या हाताने लिहिलं आणि पेन माधुरीला परत दिलं.

“यांना मधे घुसू देऊ नका,” ते म्हणाले.