पांढऱ्या मिऱ्यांचे मनोहरभाऊ

मनोहरभाऊंच्या प्रत्येक सदऱ्याला दोन खिसे असतात. शिंपी एकच लावून देतो, दुसरा ते भांडून लावून घेतात. डाव्या खिशात काळ्या मिऱ्यांच्या पुडीची डबी, उजव्यात पांढऱ्यांची. लग्नाची पंगत असो की विहारातलं भोजनदान, वाढून झालं की भाऊ ताटावरून एकदा नजर फिरवतात आणि खिशात हात घालतात. वांग्याच्या भाजीवर, मटणाच्या रश्श्यावर काळी पूड. कढीवर, दहीभातावर, उकडलेल्या बटाट्यावर पांढरी. शेजारी कोण बसलंय याची पर्वा नाही. त्याच्याही ताटात टाकतात, आणि वर सांगतात, "पांढऱ्यात काळं दिसलं नाई पाह्यजे."

चंद्रपुरात आमची आणि त्यांची भिंत एक आहे. घुग्घुसच्या कोळसा खाणीत त्यांनी फिटर म्हणून नोकरी केली आणि निवृत्त होऊन इथे घर बांधलं. त्यांची बायको सुमनबाई हल्ली बरंच विसरतात. कधी कधी तर आपण घुग्घुसलाच आहोत असं समजून चालतात. त्यामुळे स्वयंपाकघर भाऊंकडे आलं. डॉक्टरांनी बाईंचं तिखट बंद केलं, म्हणून मिरचीच्या जागी मिरे आले, आणि मिऱ्यांनी भाऊंचा ताबाच घेतला.

दोन्ही मिरे एकाच वेलीचे, पांढऱ्याची साल भिजवून काढलेली असते, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की वेल त्यांच्याच परसात असावी असं वाटतं. फरक विचारला की म्हणतात, "काळा मिरा बोंबलत येते, मॅडम. पांढरा गुपचूप येते अन् गळ्यात बसते." तसं ते खरंही आहे. काळ्याचा घमघमाट आधी येतो, पांढरा घास गिळल्यावर कळतो. पण तुमच्या पांढऱ्याला गोठ्याचा वास येतो, असं मी एकदा बोलून गेले. त्यांनी शांतपणे मला नाक तपासून घ्यायला सांगितलं.

गोल बाजारातला दुकानदार पांढरे मिरे फक्त चायनीजच्या गाड्यांसाठी आणायचा. तेव्हा भाऊंनी थेट गाडीवाल्याशीच दोस्ती केली. संध्याकाळी ते तिथे उभे राहायचे आणि नूडल्स परतणाऱ्याला कढीची कृती सांगायचे. मागच्या उन्हाळ्यात तो गाडीवाला गावी गेला आणि दुकानातलेही पांढरे मिरे संपले. त्याच आठवड्यात आमच्या घरात असह्य वास सुटला. टाकीत उंदीर मेला असणार म्हणून आमच्या यांनी वर चढून अख्खी टाकी उपसली. मे महिन्यात भरलेली टाकी उपसणं म्हणजे काय, ते चंद्रपूरच्या माणसालाच कळेल. वास जागचा हलला नाही. शेवटी पाहते तर दोन्ही परसांमधल्या भिंतीवर एक मडकं, आणि भाऊ त्यातले कुजलेले काळे मिरे कोपरापर्यंत हात बुडवून चोळत होते.

मी तोंडाचा पट्टा सोडला. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लई दिवसाची मेहनत आहे मॅडम, नाक दाबून घ्या." त्या खटाटोपातून मूठभर पिवळट मिरे निघाले. त्यातले अर्धे मला आणून दिले. असल्या माणसावर रागावून राहणं मला तरी जमत नाही.

परवा आमच्या नातीचं बारसं होतं. आदल्या दिवशी भाऊ येऊन म्हणाले, सुमनला घेऊन येतो. ती घरी दोन घास खाऊन उठते. चार माणसांत पूर्वी पोटभर जेवायची, इथे तरी जेवेल, अशी त्यांना आशा होती. मग आमच्या आचाऱ्याला गाठून त्यांनी दहीभातात काळे मिरे न घालण्याची तंबी दिली. आचारी चिमूरचा, दिलदार माणूस. त्याने मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी शोभा यावी म्हणून तयार दहीभातावर काळे मिरे सढळ हाताने भुरभुरले.

भाऊ बाईंना हात धरून घेऊन आले. इस्त्रीची साडी, निऱ्या भाऊंनीच घातलेल्या, त्यामुळे पार एका बाजूला गेलेल्या. बाई बसल्या, हसल्या, बाळाच्या गालाला हात लावला. मलाच बरं वाटलं. मग ताट आलं. दहीभाताकडे पाहताच त्यांचा चेहरा उतरला. त्या उठल्या आणि आमच्या दिवाणखान्याच्या खिडक्या धडाधड लावू लागल्या.

"धूळ येऊन राह्यली," त्या म्हणाल्या. "त्याईचा डब्बा भराचा आहे अजून."

पाहुणे बघतच राहिले. मी आवरायला पुढे झाले, तर भाऊंनी मला हातानेच थांबवलं आणि स्वतः जाऊन उरलेली खिडकी लावली. तिथेच उभं राहून हळू आवाजात मला म्हणाले, "घुग्घुसले खिडकी लावली तरी कोळसा घरात येये. काळं पडलेला भात ही सोता खाये, अन् माह्या डब्ब्यासाठी दुसरा शिजवे. मले तं माहीतच नोतं, मॅडम. क्वार्टर सोडलं तवा शेजारणीनं सांगतलं."

 इतके दिवस ज्या खुळाला मी हसत होते, ते हे होतं.

भाऊ बाईंना घेऊन परत पानावर बसले. त्यांनी बाईंच्या ताटातला वरचा काळा थर बोटांनी अलगद काढून आपल्या ताटात घेतला. राहिलेला एकेक कण नखाने टिपला. बंद खिडक्यांनी सगळे घामाघूम झालो होतो, पण कोणी कुरकुरलं नाही.

"पाह्य सुमन, एकदम सफेद आहे," भाऊ म्हणाले.

बाईंनी वाकून, निरखून पाहिलं आणि जेवायला लागल्या. सगळा भात संपवून त्यांनी आणखी मागितला. आचारी स्वतः पळत आला आणि पातेल्याच्या तळातला पांढरा भात वाढून गेला. मधेच बाईंनी मान वर करून विचारलं, "तुमी जेवले का?"

"जेवून राह्यलो ना," भाऊ म्हणाले. बाईंची नजर आपल्या ताटाकडे वळायच्या आत त्यांनी त्या काळ्या भातावर वरण ओतलं आणि कालवून खाऊ लागले.